आर्डिसला काय काय जमत नाही

आर्डिस रुस्टाडला कुणी काही देऊ केलं की ती आधी नाही म्हणायची. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणायची, "उगाच तुम्हाला त्रास." तिसऱ्यांदा विचारलं की मग कप पुढं करायची. हॅलवर गावात सगळेच असं करत. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा हावरट आणि तिसऱ्यांदा न विचारणारा कंजूष. मिनेसोटाच्या त्या सपाट कोपऱ्यात याहून जास्त कायदेकानू कुणाला लागत नसत.

ऑरिन रुस्टाडनं तिला लग्नाचं विचारलं, तेही तीनदा. पहिल्यांदा जत्रेत, दुसऱ्यांदा त्याच्या वडलांच्या गोठ्यात, तिसऱ्यांदा चर्चच्या तळघरात, ती कुणाच्यातरी मयताच्या जेवणाची भांडी पुसत असताना. दुसऱ्या नकारानंतर तो निघून गेला असता तर, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "मग तो हॅलवरचा नव्हताच म्हणायचं."

ऑरिन गाई बघायचा. ती शाळेची पिवळी बस चालवायची. एकतीस वर्षं. उणे तीस तापमानात, अंधारात, दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असलेल्या रस्त्यांवरून. तिची बस कधी खड्ड्यात गेली नाही. तिच्या बसमध्ये कुणी कुणाला मारलं नाही, निदान आरशात दिसेल असं नाही. पोरं तिला घाबरायची. कुणाचे बूट फाटके आहेत, कुणी सकाळचं खाल्लेलं नाही, हे तिला पायरीवरच कळायचं. सीटखाली ती बिस्किटांचा डबा ठेवायची. तो पोरांसमोर धरताना मात्र ती एकदाच विचारायची. म्हणायची, भुकेल्या पोराला शिष्टाचार कशाला शिकवायचा.

ऑरिन गेला. गाई गेल्या. मग एका फेब्रुवारीत पोस्टमनला ती स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवी दिसली. तो खिडकी ठोठावत होता आणि ती आतून त्याला सांगत होती, "मी ठीक आहे. तू तुझं टपाल टाक. लोक वाट बघत असतील." आदल्या रात्रीपासून ती तिथं होती.

त्यानंतर मुलानं, लायलनं, घर विकलं आणि तिला टेकडीवरच्या घरात आणलं. गावाबाहेर हायवेला लागून म्हाताऱ्यांसाठी बांधलेली ती इमारत. नावात टेकडी होती. जागेवर टेकडी नव्हती. त्या जिल्ह्यातच टेकडी नव्हती. पण प्रत्येकाला आपली खोली होती, खिडकी होती, आणि अंघोळीपासून गोळ्यांपर्यंत लागेल ती मदत होती. त्या मदतीची किंमत ऐकून लायलनं ती पुन्हा एकदा सांगायला लावली होती. व्यवस्थापक केंड्रा तेव्हा त्याला म्हणाली होती, "काळजी करू नका. आईचे पैसे संपले तरी आम्ही मेडिकेड, म्हणजे सरकारी मदत, घेतो. आपण इथं एक कुटुंब आहोत."

पैसे संपले. घर, गोठा, ऑरिनची जमीन, एकतीस वर्षांच्या बसची बचत, सगळं मिळून दोन हिवाळे पुरलं.

जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात म्हातारपणी सरकारची मदत हवी असेल तर आधी कंगाल व्हावं लागतं. बँकेत एखाद्या जुनाट मोटारीच्या किमतीहून जास्त काही उरलेलं चालत नाही. हो, स्वतःच्या मयताचे पैसे आधी भरून ठेवले तर ते चालतात. जगायला बाजूला ठेवलेला पैसा संशयास्पद, पुरायला ठेवलेला सभ्य. आर्डिसनं तिच्या मयताचं केव्हाच भरून ठेवलं होतं, हॅमच्या सँडविचांसकट. तेव्हा कंगाल होण्याच्या परीक्षेत ती पहिल्या झटक्यात पास झाली.

पण नुसतं कंगाल होऊन भागत नाही. माणूस निकामीही असावा लागतो, आणि ते सरकारला दिसावं लागतं. त्यासाठी जिल्ह्याकडून कुणीतरी बघायला येतं.

"बघायला म्हणजे?" आर्डिसनं विचारलं.

"तुला काय जमतं, काय जमत नाही, ते," लायल म्हणाला. तो बियाणं विकायचा, आठवडाभर फिरतीवर असायचा, आणि आईसमोर उभा राहिला की टोपी हातात घ्यायचा.

"म्हणजे पाहुणा येणार," आर्डिस म्हणाली.

तिथंच घोळ झाला.

पाहुणा येणार म्हटल्यावर साहराला बोलावणं आलं. साहरा आर्डिसच्या मजल्यावर देखभालीचं काम करायची. पंचेचाळिशीची, पाच मुलांची आई, मोगादिशूहून केनियातल्या निर्वासित छावणीमार्गे हॅलवरला आलेली. हॅलवरला येऊन तिला पंधरा वर्षं झाली होती आणि तीनदा विचारण्याची पद्धत तिला अजून मूर्खपणाची वाटायची. ती आर्डिसला आयेयो म्हणायची, त्यांच्याकडं आजीला म्हणतात तसं. आर्डिसला ते आवडायचं. आवडतं असं मात्र ती कधी म्हणाली नाही.

त्या सकाळी साहरानं तिला अंघोळ घातली. केसांत रोलर लावले. निळा स्वेटर घातला, त्याची बटणं लावली. ओठांना जरासा रंग. चालताना धरायचा वॉकर न्हाणीघरात ढकलला, कारण पाहुण्यासमोर तो बरा दिसत नव्हता. लिंबाच्या वड्या ताटलीत मांडल्या, कॉफी थर्मासमध्ये भरली.

"नवरीसारखी दिसतेस," साहरा म्हणाली.

"नवरी असताना एवढी बरी नव्हते."

"तुझी बटणं कोण लावत होतं तेव्हा?"

"मीच. आताही मीच लावते."

"हो, हो," साहरा म्हणाली आणि शेवटचं बटण लावून दुसऱ्या खोलीतल्या म्हाताऱ्याकडं गेली.

तपासणीला केलब शहरातून आला होता. गुळगुळीत दाढी, बारीक बूट, मांडीवर टॅबलेट. जिल्ह्यानं हे काम एका कंपनीला दिलं होतं आणि कंपनीनं केलबला. पोरगा वाईट नव्हता. त्यानं बूट दारात काढले. पहिल्याच विचारण्याला त्यानं वडी उचलली. आर्डिसच्या भुवया जरा वर गेल्या, पण शहरातला आहे म्हणून तिनं सोडून दिलं.

"अंघोळ करताना मदत लागते का, मॅडम?"

"तसं चालतंय माझं."

केलबनं काचेवर बोट लावलं. आर्डिस थांबली. तो पुन्हा विचारेल म्हणून.

"कपडे घालताना?"

"लोकांचे माझ्याहून वाईट हाल आहेत."

बोट.

"संडासला जाताना?"

"अरे बाळा, तुझी कॉफी गार होतेय."

केलबनं एक घोट घेतला. "छान आहे," तो म्हणाला आणि बोट लावलं.

तो विचारत गेला. ती, तिच्या मते, सांगत गेली. तिच्या भाषेत तिनं त्याला सगळं सांगितलं होतं. तसं चालतंय याचा अर्थ चालत नाही, हे हॅलवरमध्ये शेंबड्या पोरालाही कळतं. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर तिनं खांदा दुखतो म्हटलं असतं. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर कदाचित सगळंच. पण प्रश्नावली एकदाच विचारते. सरकारला पुढच्या खोलीत जायचं असतं.

अर्ध्या तासात संपलं. केलब उठला. आणि आर्डिसही उठली.

पाहुण्याला दारापर्यंत सोडायचं असतं. बसल्या जागेवरून निरोप द्यायला ती काय राणी होती? खुर्चीचा हात, टेबलाची कड, सोफ्याची पाठ, कपाट. एकेक धरत ती दारापर्यंत गेली. केलब पुढं चालत होता, टॅबलेटकडं बघत. दारात उभं राहून तिनं त्याला सांगितलं की नदीच्या पुलावर सावलीत बर्फ राहतो, तिथं ब्रेक मारू नकोस. तो म्हणाला, तुम्हाला भेटून बरं वाटलं. तो दिसेनासा होईपर्यंत तिनं हात हलवला.

मग तिनं मागं वळून खुर्चीकडं बघितलं. खुर्ची फार लांब होती.

साहरा आली तेव्हा आर्डिस दाराशी जमिनीवर बसलेली होती, पाठ भिंतीला टेकून, निळा स्वेटर नीटनेटका, खालचं सगळं ओलं.

"काय केलंस हे, आयेयो?"

"पाहुण्याला सोडायला आले होते."

"कुठपर्यंत? केनियापर्यंत?"

आर्डिस हसली. मग हसता हसता तिनं तोंड भिंतीकडं केलं. साहरानं काही विचारलं नाही. तिला काखेत धरून उठवलं, न्हाणीघरात नेलं, आणि त्या दिवशी दुसऱ्यांदा अंघोळ घातली.

दोन आठवड्यांनी केंड्रानं लायलला ऑफिसात बोलावलं. भिंतीवर हसऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो होते. त्यातलं या घरात राहणारं कुणीच नव्हतं.

"चांगली बातमी आहे, एका अर्थानं," केंड्रा म्हणाली. "आई खूप स्वावलंबी आहेत."

"कोण म्हणतं?"

"जिल्हा म्हणतो. अंघोळ स्वतः, कपडे स्वतः, चालणं आधाराशिवाय. पाहुण्याला दारापर्यंत सोडलं, असं खास लिहिलंय. त्यामुळं त्या मेडिकेडमध्ये बसत नाहीत."

"आणि तुम्ही रोज तिला अंघोळ घालता, त्याचे पैसे घेता, ते?"

"ते आमच्या नोंदीत आहेच. पण आमच्या नोंदी म्हणजे त्यांचा निकाल नव्हे." केंड्रानं मान तिरकी केली. दर वाईट बातमीला ती मान तशी करायची. "पुढच्या महिनाअखेरीपर्यंत वेळ आहे तुम्हाला. आम्हालाही फार वाईट वाटतंय. कुटुंबच आहोत आपण."

महिनाअखेरीची मुदत देणारं कुटुंब लायलनं पहिल्यांदाच बघितलं. पण तोही हॅलवरचाच. तो म्हणाला, "तुम्ही तरी काय करणार." आणि टोपी घालून बाहेर आला.

जायला जागा एकच होती, त्याचं घर. झोपायची जागा तळघरात, न्हाणीघर वर, मधे जिना. सोमवार ते शुक्रवार तो तीन जिल्हे फिरणार. त्या घरात आर्डिस एकटी राहिली तर काय होणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. जिन्याबद्दल ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. बाकी बोलले.

"आई, त्याला खरं का नाही सांगितलंस?"

"सांगितलं मी."

"तू म्हणालीस, चालतंय."

"मग? त्यानं एकदाच विचारलं." आर्डिसच्या आवाजात खरोखरची तक्रार होती. "वडी मात्र तीनदा घेतली."

लायलनं पुन्हा तपासणीची मागणी केली. मागणी मान्य झाली. आता तयारी करायची होती. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला लाचारी शिकवायची होती. लोक मुलाखतीला जाताना गुण सांगायची तालीम करतात, हिला दोष सांगायची करायची होती. रविवारी दुपारी तिघं खोलीत बसले. साहरा सरकार झाली.

"बाई, अंघोळ स्वतः करता का?"

"साहरा, हे मूर्खपणाचं आहे. तूच तर घालतेस."

"मी साहरा नाही. मी सरकार. मला काही माहीत नसतं."

"तसं चालतंय माझं," आर्डिस म्हणाली.

लायलनं डोळे मिटले.

"पुन्हा," साहरा म्हणाली. "बाई, संडासातून उठता येतं का?"

"थोडा वेळ लागतो."

"किती? या निवडणुकीपासून पुढच्या निवडणुकीपर्यंत?"

"साहरा."

"बघ आयेयो, तू म्हण, नाही येत. दोनच शब्द. माझी धाकटी दोन वर्षांची असताना म्हणायची."

"तुझ्या धाकटीला लाज नसेल."

"तिला पोट भरायचं होतं," साहरा म्हणाली.

आर्डिसनं ओठ उघडले. मिटले. मग तिनं लायलला विचारलं की फिरतीला यंदा डिझेल किती जातंय. तालीम संपली.

बाहेर व्हरांड्यात लायल आणि साहरा बोलत उभे राहिले. दार अर्धवट उघडं होतं, आणि आर्डिसचे कान अजून बस चालवायच्या काळातले होते.

"त्या दिवशी तिला अंघोळ घालू नकोस," लायल म्हणाला. "केस तसेच राहू देत. कालचेच कपडे. बघणाऱ्याला दिसू तरी दे."

"नाही."

"एक दिवस फक्त."

"माझ्या हातातली बाई घाण वास मारत सरकारसमोर बसणार नाही. तुमच्या सरकारला वास आल्याशिवाय दिसत नसेल तर सरकारनं डोळे तपासून घ्यावेत."

"मग ती जिन्यावरून पडेल, साहरा. माझ्या घरात."

जिन्याचं नाव कुणी काढलं ते तेव्हा पहिल्यांदा.

"अंघोळ घालणार," साहरा म्हणाली. "केस विंचरणार. पण बटणं लावणार नाही. रोज म्हणते मीच लावते, आणि रोज मी लावते. एक दिवस तिचं ऐकते."

दुसऱ्या तपासणीला जिल्ह्यानं आपला माणूस पाठवला. जोलीन ब्रॅटव्होल्ड. पन्नाशीची, जाड चष्म्याची, हॅलवरच्या उत्तरेकडच्या वाडीवरची. आर्डिसनं तिला दारातच ओळखलं.

"तिसरी सीट, उजवीकडची," ती म्हणाली. "खिडकीला नाक लावून बसायचीस."

"बस लागायची मला, मिसेस रुस्टाड. तुम्ही पिशवी द्यायचात."

"दोनदा पिशवीच्या बाहेर."

"तीनदा," जोलीन म्हणाली आणि दोघी हसल्या.

साहरा कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती, लायल पलंगाच्या कडेला. काळजी घेणाऱ्यानं हजर राहावं, पण विचारल्याशिवाय बोलू नये, असा नियम होता. साहरासारखीला हा नियम म्हणजे शिक्षाच. वॉकर यावेळी खोलीत होता. आर्डिसच्या अंगात निळा स्वेटर होता, उघडा. सकाळी ती म्हणाली होती, "बटणं राहिली." साहरा म्हणाली होती, "तूच लावतेस ना?"

जोलीननं दोनदा कॉफी नाकारली, तिसऱ्यांदा घेतली. लायलचा जीव जरा भांड्यात पडला. आपलं माणूस आहे. ही विचारेल.

आणि जोलीननं विचारलं. "अंघोळीला मदत लागते?"

"तसं चालतंय."

जोलीननं टॅबलेट मांडीवर पालथा ठेवला. "बरं. पण टबात पाय टाकताना वगैरे?"

"सांभाळून टाकायचा झालं."

जोलीन पुढं झुकली. तिनं आवाज खाली आणला, चर्चमध्ये आणतात तसा. "मिसेस रुस्टाड, मी विचारतेय. अंघोळ जमते का तुम्हाला?"

झालं होतं. तीनदा झालं होतं.

आर्डिसनं समोरच्या बाईकडं बघितलं. तिला तिसरी सीट दिसली, खिडकी दिसली, पिशवी दिसली. "मला काही तक्रार नाही, जोलीन," ती म्हणाली.

कॉफीसाठी तीनदा विचारतात. असल्या गोष्टीला किती वेळा विचारायचं, ते हॅलवरमध्ये कुणी कधी ठरवलंच नव्हतं. कारण असल्या गोष्टी तिथं कुणी विचारत नसे. लोक न विचारता यायचे, न विचारता बर्फ साफ करून जायचे, न विचारता पातेलं भरून जेवण दारात ठेवून जायचे. मग ते लोक म्हातारे झाले आणि त्यांच्या जागी प्रश्नावली आली.

जोलीननं टॅबलेट पुन्हा सुलटा केला. "तुम्ही जे म्हणाल तेच मला लिहावं लागतं," ती म्हणाली. "किंवा मी जे बघेन ते."

मग ती खिडकीकडं बघत म्हणाली, "गार आहे खोली. स्वेटरची बटणं लावा ना."

साहरानं मान वर केली.

आर्डिसनं वरचं बटण धरलं. बोटांनी ते धरलं गेलं, इतपत ठीक होतं. दुसऱ्या हातानं काज शोधलं. बटण काजाला टेकलं आणि सुटलं. पुन्हा धरलं. पुन्हा सुटलं. बोटं फुगलेली, आडवी वळलेली, एकमेकांचं न ऐकणारी. तिनं खालचं बटण घेऊन बघितलं. ते मोठं आहे असं तिला वाटत होतं. ते तेवढंच होतं.

कुणी हललं नाही. लायल जमिनीकडं बघत होता. साहरानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. जोलीन बघत होती. तिला बघायचेच पैसे मिळत होते. हात पुढं केला असता तर "मदतीनं" असं लिहावं लागलं असतं, आणि मदत किती लागते ते कळण्याआधीच मदत झाली म्हणून पुन्हा कुणी वरचा साहेब खुसपट काढणार. या देशात एका म्हातारीला घर मिळावं म्हणून तीन शहाण्या माणसांनी गप्प बसून तिचं हरणं बघायचं असतं. त्याला मूल्यमापन म्हणतात.

"तुमच्या बसमध्ये माझ्या जाकिटाची चेन अडकायची," जोलीन हळूच म्हणाली. "तुम्ही बस थांबवून लावून द्यायचात. मागं गाड्या भोंगे वाजवायच्या."

"वाजवू देत," आर्डिस म्हणाली. ती बटणाकडंच बघत होती. मग तिनं हात खाली ठेवले.

"जमत नाही," ती म्हणाली.

"बटण?"

"बटण. अंघोळ. टबात पाय टाकायला भीती वाटते. साहरा धरते मला." तिचा आवाज रस्त्याची माहिती द्यावी तसा होता, कोरडा. "संडासातून उठता येत नाही. गेल्या वेळी त्या पोराला दारापर्यंत सोडलं आणि तिथंच माझी पँट ओली झाली. गोळ्या कुठल्या सकाळच्या, कुठल्या रात्रीच्या, ते कळत नाही. रात्री ऑरिनला हाक मारते. तो नाही हे मला माहीत असतं. तरी मारते. आणखी काय पाहिजे तुला?"

"आणखी थोडं आहे," जोलीन म्हणाली.

"विचार."

जोलीन विचारत गेली आणि आर्डिस सांगत गेली. पहिल्याच विचारण्याला. खाताना सांडतं का, सांडतं. एकटं ठेवलं तर चालेल का, चालणार नाही. संपलं तेव्हा कॉफीवर साय आली होती. जोलीननं टॅबलेट बंद करून पिशवीत ठेवला, पिशवीची चेन ओढली. मग ती उठली आणि खालून वर एकेक करत तिनं आर्डिसच्या स्वेटरची बटणं लावली. आर्डिसनं लावू दिली.

मेडिकेड मंजूर झालं. आर्डिस निकामी आहे यावर सरकारचा शिक्का बसला. केंड्रानं अभिनंदन केलं. खरोखर हाच शब्द वापरला.

सरकार मदतीचे पैसे देतं, छपराचे आणि जेवणाचे देत नाही. ते आर्डिसच्या पेन्शनमधून जाणार. सगळी पेन्शन गेल्यावर तिच्या हातात जे उरायचं, त्यात महिन्यातून एकदा केस सेट करून व्हायचे, किंवा नातवंडांना वाढदिवसाची कार्डं. दोन्ही नाही. आणि आणखी एक गोष्ट केंड्रानं सुरुवातीला सांगितली नव्हती. मेडिकेडवाल्यांच्या खोल्या मागच्या बाजूला होत्या. एका खोलीत दोघी, मधे पडदा, खिडकीतून कचऱ्याचे डबे आणि त्यापलीकडं मक्याचं शेत. स्वतःची खोली पैसे भरणाऱ्यांसाठी.

केंड्रा स्वतः तिला व्हीलचेअरवरून तिथं घेऊन गेली. पडद्यापलीकडं कुणीतरी दूरचित्रवाणीवर पैशांच्या चक्राचा खेळ मोठ्यानं लावला होता.

"छान उजेड येतो इथं," केंड्रा म्हणाली. "आवडेल ना तुम्हाला?"

"नाही," आर्डिस म्हणाली.

केंड्राची मान अर्धी तिरकी झाली आणि तिथंच अडकली. दोन वर्षांत या बाईकडून हा शब्द तिनं ऐकला नव्हता. निदान पुढं "उगाच तुम्हाला त्रास" जोडल्याशिवाय नाही.

"हळूहळू सवय होईल."

"होईल. पण आवडलेली नाही. तू विचारलंस म्हणून सांगितलं."

साहरा मागून कपड्यांची पेटी घेऊन येत होती. तिनं पेटी खाली ठेवली, दाराकडं तोंड केलं, आणि तिचे खांदे हसण्यानं बराच वेळ हलत राहिले.

आर्डिसचं घर गेलं, जमीन गेली, पेन्शन गेली. त्याच्या बदल्यात सरकारनं एवढं एक शिकवलं. ती आता कॉफी पाणचट आहे म्हणते. पाद्रीबुवांना म्हणते, मागच्या रविवारचं प्रवचन लांबलं. पडद्यापलीकडच्या बाईला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की आवाज कमी कर. तिनं कमी केला. दोघींनाही नवल वाटलं.

लायल रविवारी फोन करतो. पूर्वी ते बोलणं दोन मिनिटांत व्हायचं. कशी आहेस, तक्रार नाही, बर्फ किती पडला, ठेवते.

त्या रविवारी तो गाडी चालवत होता. "कशी आहेस, आई?" त्यानं विचारलं, नेहमीसारखं, उत्तर ठाऊक असल्यासारखं.

आर्डिसनं सांगायला सुरुवात केली. खांद्यापासून. मग गुडघे, मग रात्री, मग ती फरशी, ज्या फरशीवर ती रात्रभर पडली होती आणि त्याला कधी काही बोलली नव्हती. मग त्याच्या वडलांचं शेवटचं वर्ष.

फोनमधून इंडिकेटरची टकटक ऐकू आली. मग चाकांखाली खडी. मग इंजिन बंद झालं.

"कडेला पुरती घेतलीस ना?" आर्डिसनं विचारलं.

"घेतली."

"मागचे दिवे लाव. लुकलुकणारे."

"लावले. बोल तू," लायल म्हणाला.